हात न लावायचे सहा आठवडे

अंजनाबाईच्या अंगठ्यांत जोर होता, हे अख्ख्या उमापुराला माहीत होतं. बाळंतिणीचं अंग मळायचं असो, उसण भरलेली पाठ मोकळी करायची असो, मुरगळलेला पाय चोळून बसवायचा असो, माणसं तिच्याच ओसरीवर यायची. शेळ्या रानात न्यायच्या आधी एक, शेळ्या परत आल्यावर दुसरं, असं कुणी ना कुणी पाय लांब करून बसलेलं असायचं. ही विद्या तिच्या माहेरची. युसूफ वडगावला तिचा थोरला भाऊ मुंजाजी हाडं बसवायचा. त्याच्या शेजारी तेलाची वाटी धरून उभी राहता राहता ती लहानपणीच सगळं शिकली होती.

म्हणून सुनेचा हात दुखावला तेव्हा घरात कुणी फारसं घाबरलं नाही.

जूनच्या शेवटी मोहिनी हरिओमच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मोटारसायकलवरून गेवराईहून परत येत होती. रस्त्यावर नवा गतिरोधक घातला होता, तो हरिओमला दिसला नाही. गाडी उसळली आणि मागं बसलेली मोहिनी उजव्या कोपरावर आदळली. गेवराईच्या डॉक्टरांनी हाताचा फोटो काढला, हाडाला बारीक चीर आहे म्हणाले आणि तीन आठवड्यांचं प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर आखडलेलं होतं. "हळूहळू आपलं आपण हलवत राहायचं, सुटेल," असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

हे 'हळूहळू' अंजनाबाईला काही पटलं नाही. सून घरात, हात आखडलेला, आणि आपण गावाचे हात सोडवत बसायचं? त्याच संध्याकाळी तिनं तिळाचं तेल कोमट केलं आणि मोहिनीचा हात मांडीवर घेतला.

सकाळ-संध्याकाळ चोळणं सुरू झालं. आधी दंडावरून खाली, मग कोपराच्या खळीत अंगठे रोवून, आणि शेवटी मनगट धरून हात सरळ ओढायचा, मग जोर लावून दुमडायचा. मोहिनी पदराचं टोक दातांत धरायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून आवाज नाही.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं, आत्याबाई."

"दुखणारच. आखडलेलं हाय न्हवं. सुटंल बग दिवाळीच्या आत."

पण हात सुटायच्या ऐवजी अडकतच गेला. ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा तो ना सरळ होईना, ना वाकेना. घास तोंडापर्यंत जाईना. डाव्या हातानं जेवायचं म्हणजे मोहिनीला लाज वाटायची, म्हणून ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावर भिंतीकडं तोंड करून बसायची. त्याच सुमारास अंजनाबाईच्या अंगठ्याखाली, कोपराच्या जरा वर, काहीतरी टणक लागलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, शिरेचा गोळा झाला असेल. तिनं त्यावर जास्त जोर लावला. आठ दिवसांनी तो गोळा विरघळला तर नाहीच, उलट सुपारीएवढा होता तो लिंबाएवढा झाला, आणि हाताला गरम लागायला लागला.

शेजारच्या रुक्मिणीबाईनं तो चाचपून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या नणंदंला अशीच गाठ आलती. सहा म्हयने बी न्हाई काढले तिनं."

त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोलेना. अंजनाबाईचा नवरा हरिबा शेळ्यांमागं जायचा तो उन्हं उतरली तरी यायचा नाही. शेवटी हरिओमनंच ठरवलं. बीडला हाडांचे एक जुने डॉक्टर होते, विजयसिंह नावाचे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो आईला आणि मोहिनीला घेऊन त्यांच्याकडं गेला.

डॉक्टर विजयसिंहांनी नवा फोटो काढायला लावला आणि तो उजेडाच्या पाटीवर टांगला. अंजनाबाई पहिल्यांदाच हाताच्या आतलं असं बघत होती. दोन हाडं तिला ओळखू आली. पण त्यांच्या पुढं, जिथं नुसतं मांस असायचं तिथं, पांढऱ्या ढगासारखं काहीतरी होतं.

"हे हाड आहे," डॉक्टर म्हणाले. "नको तिथं वाढलेलं."

"मांसात हाड?" हरिओमच्या तोंडून निघालं.

अंजनाबाईनं मात्र सरळच विचारलं. "डॉक्टर, कॅन्सर हाय का?"

"नाही," डॉक्टर लगेच म्हणाले. "जे घडलंय ते ऐकून, हात बघून आणि हा फोटो बघून मला तसं मुळीच वाटत नाही. रक्त तपासू, पण ती भीती मनातून काढून टाका."

हरिओमनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, ती सोडली. मोहिनीनं डोळे मिटले. अंजनाबाईला वाटलं, उठून या माणसाच्या पाया पडावं. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं.

"मार बसला तेव्हा मांसात रक्त साकळलं. शरीराला वाटलं, इथं हाड मोडलंय, म्हणून ते तिथं हाड घालायला लागलं. एरवी ते थोडं वाढून थांबतं. पण रोज चोळलं, रोज ओढलं, की रोज नवा मार बसतो आणि ते वाढतच राहतं." त्यांनी मोहिनीकडं पाहिलं. "मालिश कोण करत होतं?"

"मीच," मोहिनी म्हणाली. "मीच डाव्या हातानं चोळत होते."

अंजनाबाईनं सुनेकडं पाहिलं. मोहिनी खाली बघत होती. हिनं दीड महिना पदर दातांत धरून सोसलं आणि आता इथंही आपल्यावर काही येऊ नये म्हणून खोटं बोलतेय, हे अंजनाबाईच्या ध्यानात आलं.

"न्हाई डॉक्टर," ती म्हणाली. "मी चोळलं. सकाळ-संध्याकाळ. गाठ लागली तवा जास्तच चोळलं."

डॉक्टरांनी तिच्या हातांकडं पाहिलं. ती आता बोलणी खायच्या तयारीनं बसली होती. पण ते म्हणाले, "मायेनं केलंत, ते दिसतंय. आता त्याच मायेनं उलटं करायचं. सहा आठवडे या हाताला हात लावायचा नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढायचं नाही. ती स्वतः, दुखणार नाही इतपत, दिवसातून चार-पाच वेळा हलवील, तेवढंच."

मग त्यांनी औषध लिहिलं. इंडोमेथासिन नावाची कॅप्सूल, दिवसातून तीनदा, भरल्या पोटी. सकाळी अनशापोटी पित्ताची एक गोळी. ही कॅप्सूल नको तिथं हाड घालायचं काम मंदावते, असं त्यांनी समजावलं. आधीचं हाड ती विरघळवणार नाही, पण वाढू द्यायची नाही. दिवस गेलेत का, पूर्वी कधी पोटात अल्सर झालाय का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हे सगळं मोहिनीला विचारून घेतलं. "रिकाम्या पोटी घेतली तर पोट जाळेल. काळी शौचाला झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर औषध बंद करून तडक यायचं."

"आन् यानं न्हाई थांबलं तर?" हरिओमनं विचारलं.

"तर ते हाड पूर्ण पिकायची, म्हणजे पक्कं व्हायची, वाट बघून, वर्षभरानं ऑपरेशन. पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही."

घरी आल्यावर अंजनाबाईनं शेळ्यांना पाणी दाखवलं, चूल पेटवली, आणि मग पीठ मळता मळता ती एकदम थांबली.

"मला सांगितलं कावून न्हाई गं? एवढं दुखत व्हतं तर?"

मोहिनी उंबऱ्यावर बसली होती. "कसं सांगू, आत्याबाई? लोक तालुक्याहून तुमच्याकडं येतात. मी घरातली, आन् मीच म्हणायचं का की तुमच्या हातानं दुखतंय?"

"म्हनायचं व्हतं."

"तुमी दिवसभर रानात राबून यायच्या आन् माझ्यासाठी तेल तापवायच्या. माझ्या माहेरी माझ्यासाठी कुणी एवढं केलं न्हाई. मला वाटायचं, बोलले तर ते बंद होईल."

अंजनाबाईनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, "इथून म्होरं दुखलं तर आरडायचं. गल्लीला ऐकू गेलं तरी चालंल."

दुसऱ्या दिवसापासून औषधाचा ताबा तिनं घेतला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कॅप्सूलची पट्टी आणि पित्ताच्या गोळीची पट्टी ती रंगावरून ओळखायची. सकाळी दूध-भाकरी, दुपारी जेवण, संध्याकाळी जेवण. मोहिनीनं निदान एक भाकरी संपवल्याशिवाय ती पट्टी फोडायचीच नाही. पहिल्या आठवड्यात मोहिनीचं डोकं दुखायला लागलं, छातीत जळजळायला लागलं. हरिओमनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पित्ताची गोळी दोनदा द्यायला सांगितली आणि औषध घेतल्यावर थोडं पडून राहायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत त्रास उतरला. तोवर अंजनाबाई रोज सकाळी सुनेला आडबाजूला नेऊन विचारायची, "काळी न्हाई न झाली?" आणि मोहिनी लाजून मान हलवायची.

औषध देणं सोपं होतं. हात न लावणं अवघड होतं. मोहिनी कोपर धरून बसलेली दिसली की अंजनाबाईचे हात आपोआप पुढं जायचे, आणि मग ती ते कशात तरी घालायची, शेंगा फोडायची, दावी वळायची, करडाच्या अंगावरचे गोचीड काढायची. तिच्या मनात आता दुसरंच काही घोळत होतं. आजवर आपण किती कोपरं चोळली?

एका दुपारी ती उठून भगवानरावांकडं गेली. दहा वर्षांपूर्वी ते बैलगाडीवरून पडले होते आणि तिनं त्यांचा डावा हात दोन महिने चोळला होता. तो हात कायमचा अर्धा वाकलेला राहिला. तेव्हा ती म्हणाली होती, तुमचं हाडच तसं हाय. भगवानराव गोठ्यासमोर कडबा तोडत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मोहिनीचं, फोटोचं, डॉक्टरांचं. "तुमचा हात मीच बिघडवला असंल, दादा," ती म्हणाली.

भगवानरावांनी वाकडा हात वर करून पाहिला. मग हसायलाच लागले. "घड्याळ बघायला लई बरं पडतंय. हात उचलायची गरजच न्हाई." तिचा चेहरा बघून ते गप्प झाले. "अंजनाबाई, तुमी माझी पाठ सोडवली न्हवती का? दोन वर्सं मला वाकता येत न्हवतं. ते बी धरा की." आणि त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती तो चहा पिऊन आली. काळजावरचा दगड पुरता उतरला नाही, पण बाजूला सरकला.

तिसऱ्या आठवड्यात घट बसले. मोहिनी लग्नाआधीपासून नवरात्राचे नऊ दिवस कडक धरायची, एकवेळ नुसत्या फळांवर. घट बसायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "आत्याबाई, नऊ दिवस कॅप्सूल राहू द्या. देवीचं मोडायचं न्हाई मला."

"औषध बी मोडायचं न्हाई."

"मग कसं करायचं?"

अंजनाबाईनं थोडा विचार केला. तिला स्वतःला उपास कधी झेपला नव्हता. दुपारी भाकरी नाही मिळाली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि घरादाराला हे माहीत होतं. "तुझे नऊ दिवस मी धरते," ती म्हणाली. "देवीला मी सांगते. तू माझ्या वाट्याची भाकर खायची आन् गोळी घ्यायची."

मोहिनी नको नको म्हणत राहिली. हरिबानं बायकोकडं असं पाहिलं की जणू ती डोंगर उचलायला निघाली आहे. पण अंजनाबाईनं धरले. शेळ्यांमागं जाताना कंबरेला दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू बांधून न्यायची, आणि अकरा वाजायच्या आतच संपवून बसायची. पुढं संध्याकाळपर्यंत पोटात कावळे. पाचव्या दिवशी ती बांधावरच आडवी झाली आणि हरिबाला एकट्याला शेळ्या हाकाव्या लागल्या. घरी येऊन मात्र तिनं आधी विचारलं, "दुपारची घेतली का?"

सातव्या दिवशी मुंजाजी आला. भाचसुनेचा हात आखडलाय हे त्याला कुठून तरी कळलं होतं. सत्तरीचा माणूस, पण मनगट अजून लोखंडासारखं. पाणी पिऊन झालं आणि त्यानं मोहिनीला समोर बसवलं.

"दाव बरं." त्यानं कोपर हातात घेतलं, गोळा चाचपला आणि मान डोलावली. "एक झटका दिला की सुटंल. अंजे, हिचे खांदे धर."

मोहिनी पांढरी पडली. तिनं सासूकडं पाहिलं, आणि मग मोठ्यानं, अगदी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "दुखतंय, आत्याबाई!"

अंजनाबाई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "सोड दादा. हात सोड."

"अगं, मी काय पहिल्यांदा करतोय का?"

"न्हाई. आपल्या चोळण्यानंच झालंय हे. डॉक्टरांनी हात लावायचा न्हाई म्हून सांगितलंय."

"मला शिकवतीस?" मुंजाजीचा आवाज चढला. "तेलाची वाटी धरायला मी शिकवलं तुला!"

आयुष्यात तिनं या भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यात सात दिवसांची भूक होती. पण ती बाजूला झाली नाही. आत जाऊन तिनं तो फोटो आणला आणि दाराच्या उजेडात धरला. "हे बग. ही हाडं. आन् हे पांढरं. हे तिथं पायजे न्हवतं. हे माझ्या अंगठ्यांनी वाढवलं."

मुंजाजीनं फोटो हातात घेतला. डोळे बारीक करून, जवळ धरून, लांब धरून बराच वेळ पाहिला. मग खाली बसला. त्याचा आवाज आता उतरला होता. "अशे हात मी लई बघितलेत, अंजे. चोळून चोळून दगड झालेले. मला वाटायचं, लोकं पथ्य पाळत न्हाईत."

तो जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना मोहिनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "गोळ्या चुकवू नको, पोरी."

दसरा झाला, अंजनाबाईनं दोन भाकरी आणि वाटीभर पिठलं खाऊन उपास सोडला. त्यानंतर तीनच दिवसांनी एक गोष्ट घडली. मोहिनी अंगणात बसून शेंगा निवडत होती. तिच्या गालावर माशी बसली आणि तिनं उजव्या हातानं ती हाकलली. तिला स्वतःला कळलंसुद्धा नाही. अंजनाबाईनं पाहिलं, आणि दृष्ट लागेल या भीतीनं ओठ मिटून घेतले. सगळं शेळ्यांना मात्र सांगितलं. पुढच्या आठवड्यात मोहिनीनं मान थोडी पुढं करून उजव्या हातानं घास घेतला, सगळ्यांच्या पंगतीत बसून. हरिबा ताटातून वर न बघता म्हणाला, "भाजी झाक झालीय आज." भाजी रोजचीच होती.

सहा आठवडे पूर्ण झाल्यावर तिघं पुन्हा बीडला गेले. या वेळी डॉक्टर विजयसिंहांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. आधीच्या फोटोतला ढग वाढला नव्हता, आता रेखीव दिसत होता, कडा पक्क्या झालेल्या.

"वाढ थांबलीय," ते म्हणाले. "जे आहे ते पिकून बसलंय, आणि सांध्याच्या वाटेत येत नाही. रक्ततपासणीतला आकडाही खाली आलाय." त्यांनी मोहिनीला हात वाकवायला सांगितला, मग सरळ करायला. पूर्ण सरळ नाही झाला, पण जवळपास. "रोजची सगळी कामं होतील. अजूनही मोकळा होत जाईल. कॅप्सूल आजपासून बंद."

"आन् ऑपरेशन?" हरिओमनं विचारलं.

"नाही लागणार असं दिसतंय. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा."

अंजनाबाईनं डॉक्टरांना हात जोडले. काहीतरी बोलायचं तिनं घरून ठरवून आणलं होतं, पण ते आठवेना. "लई उपकार झाले," एवढंच म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "गोळी एकही चुकली नाही ना?" मोहिनीनंच उत्तर दिलं. "एकबी न्हाई. आत्याबाईंनी चुकू दिली न्हाई."

बाहेर ऊन चांगलं तापलं होतं. हरिओमला बीडमध्ये कुणाला तरी भेटायचं होतं, म्हणून तो मागं थांबला आणि दोघी स्टँडवर आल्या. मोहिनीनं गरम भजी घेतली, दोघींनी उभ्या उभ्या खाल्ली, आणि गेवराईची गाडी लागली तशा चढल्या. खिडकीशी जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडली नाही तोच अंजनाबाईचे डोळे मिटायला लागले. जूनपासून तिला धड झोप नव्हती. डोळा लागला की कूस बदलायची, सुनेच्या खोलीचा कानोसा घ्यायची. आता डोकं मागं टेकलं, तोंड उघडं पडलं आणि ती घोरायला लागली. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

"आजारी हायत का सासूबाई?" तिनं विचारलं.

"न्हाई," मोहिनी म्हणाली. "झोपल्यात."

गेवराई आली तरी तिनं सासूला उठवलं नाही. सगळी माणसं उतरली, कंडक्टर मागं येऊन उभा राहिला, तेव्हा तिनं हळूच खांद्याला हात लावला. अंजनाबाई दचकून उठली, बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, आलो बी? उमापूरची जीप गेली न्हवं?"

"जाऊ द्या," मोहिनी म्हणाली. "दुसरी असंल."